बारक्याची तीट

बसा. चहा उकळतोय तोवर सांगून टाकतो. पण यात शहाणपणाचं काही नाही बरं का! म्हातारपणी माणसाला अक्कल येते असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर हे ऐका आणि त्याचं त्याला परत करून या.

जीव मुठीत धरून बसणं म्हणतात ना, ते मी खरोखर केलंय. मुठीत मावेल एवढाच जीव होता तो. सशाचं पिल्लू!

आमची नात चिमी, वय सात. बापाच्या मागं लागून तिनं एक पांढरी सशीण आणवली. तिचं नाव राणी. वडीगोद्रीला आमच्या घराच्या मागच्या ओसरीत जाळी लावून तिला ठेवली. मागच्या थंडीत राणीनं पाच पिल्लं दिली. मोसंबीच्या एका जुन्या क्रेटमध्ये तिनं स्वतःच्या पोटाचे केस उपटून गादी केली आणि त्यात ती पाचही निजवली. चार पिल्लं गुटगुटीत. पाचवं मात्र असं, की देवानं चार घडवली आणि उरल्या मातीचं हे केलं. चिमीनं त्याचं नाव ठेवलं बारक्या.

राणीची रीत अशी, की ती दिवसातून एकदाच, पहाटे, क्रेटमध्ये उतरायची. घाईघाईनं पाजायची की टुणकन बाहेर! तेवढ्यात ज्याला मिळालं त्याला मिळालं. सगळ्यात जाडं जे पिल्लू होतं, त्याला आमची म्हातारी पैलवान म्हणायची. ते नेमकं बारक्याच्या डोक्यावर पाय देऊन प्यायचं. बारक्या खाली दबलेला. राणी निघून जायची आणि हे हवेतच तोंड हलवत राहायचं. बघवत नव्हतं हो.

आणि नेमके त्याच आठवड्यात चिमीचे टॉन्सिल काढायचे ठरले. मुलगा आणि सून तिला घेऊन जालन्याला निघाले. गाडीत बसताना पोरगी म्हणाली, "आबा, बारक्याला काही झालं तर मी तुमच्याशी बोलणार न्हाई."

"काही होत न्हाई त्याला."

"घ्या शपथ."

घेतली. गळ्याला हात लावून घेतली. माणसानं लेकरासमोर शपथ घेऊ नये, हे मला कोणी आधी का सांगितलं नाही?

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्याच्या पुढच्या सकाळीच माझा बटनाचा फोन वाजला. मुलगा होता. "आबा, ऑपरेशन चांगलं झालं. पण ही पाणीबी गिळून राह्यली न्हाई. डॉक्टर म्हणले, तोंडानं काही गेलं न्हाई तर पुन्हा सलाईन लावावं लागंल. आन ही म्हणती, बारक्यानं दूध पेलं का ते आधी विचारा, मंग मी पिते."

आता बोला! तिकडं पोरगी उपाशी, इकडं पिल्लू उपाशी, आणि दोघांची दोरी माझ्या हातात. क्रेटमध्ये हात घातला तर बारक्या गार. कातडीला सुरकुत्या, पोट खपाटीला. मफलरमध्ये गुंडाळून छातीशी धरला आणि तडक रहीमभाईचं दुकान गाठलं.

रहीमभाईचं किराणा दुकान रस्त्याच्या कडेला आहे आणि दुकानामागं बकरी आहे. त्यानं वाटीभर दूध पिळून दिलं. मग आपला जुना तराजू काढला. एका पारड्यात बारक्या, दुसऱ्यात पन्नास ग्रॅमचं माप. माप खाली बसलं आणि बारक्या वर!

"आबा," रहीमभाई हळूच म्हणाला, "हे काही बराबर दिसून न्हाई राह्यलं."

"तू नको बोलू तसं. पोरीनं तिकडं तोंड मिटलंय."

घरी येऊन चुलीजवळ बसलो. देवापुढच्या वातीचा कापूस घेतला, बारीक वात वळली, कोमट दुधात बुडवून बारक्याच्या ओठाला लावली. पहिल्यांदा नुसतं ओघळलं. दुसऱ्यांदाही ओघळलं. तिसऱ्या वेळी गुलाबी जीभ बाहेर आली आणि वात चोखली! मी फोन लावला आणि कधी नव्हे ते भरभर बोललो, "चिमे, पेला! बारक्या पेला!"

तिकडून नुसता घोट गिळल्याचा आवाज आला. पाठोपाठ मुलाचा. "आबा, पेली. दोन चमचे पेली."

अहो, माझ्या डोळ्याला पाणी आलं.

आता अडचण अशी, की पिल्लं पाचही पांढरी आणि माझी नजर अधू. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा पिकायचाय. एका क्रेटमध्ये पाच कापसाची बोंडं, त्यातलं बारकं कोणतं हे दर वेळी चाचपत बसायचं? मी एक युक्ती केली. म्हातारीची काजळाची डबी काढली आणि बारक्याच्या कपाळावर ठसठशीत तीट लावली. ओळखही पटेल आणि कुणाची नजरही लागायची नाही. म्हातारीला काही बोललो नाही. ते काजळ तिनं घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं, त्याला कुणी हात लावलेला तिला खपत नाही.

संध्याकाळी आणखी दोन वाती पाजल्या. माझा हात थोडा थरथरतो, त्यामुळं बारक्याचं तोंड, कपाळ, कान सगळं दुधानं भिजलं. थंडीचे दिवस, ओलं राहून कसं चालेल? ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसला, कोरडा केला आणि ठेवला भावंडांत.

पहाटे राणी उतरायच्या आत मी हजर. म्हटलं, तिच्या लाथाळीत हा नकोच, आपण आपलं पाजू. क्रेटमध्ये वाकलो. तीटवालं पिल्लू समोरच होतं. उचललं.

आणि काय सांगू! हाताला वजन लागलं! काल सुकलेल्या शेंगेसारखं होतं, आज भरल्या वांग्यासारखं! पोट गोल, मान जाड, पाय झाडतंय. एका दिवसात! मी तिथंच राणीला हात जोडले, बकरीला हात जोडले, आणि लाज सोडून सांगतो, थोडेसे स्वतःलाही जोडले.

दुकान उघडायच्या आत रहीमभाईच्या दारात. त्यानं पारड्यात ठेवलं. पन्नासचं माप वर उडालं. शंभरचं टाकलं, तेही वर!

"या अल्ला! रातभरात? आबा, काय पाजलं काय तुम्ही?"

"तुझ्याच बकरीचं दूध."

"माझ्या बकरीचं तर मीबी पितो, मला तर असं काही होऊन न्हाई राह्यलं! बरकत तुमच्या हातात हाय."

एरवी चार शब्द बोलायला मी अर्धा तास घेतो. त्या सकाळी मी दुकानाच्या पायरीवर बसून येईल त्या गिऱ्हाइकाला कृती सांगितली. वात कशी वळायची, दूध किती कोमट हवं, पिल्लू कसं धरायचं. एका बाईनं तर विचारलं, "आबा, माझ्या नातवाला अंगी लागत न्हाई, त्याला वातीनं पाजू का?" आणि मी विचार करून उत्तर दिलं हो! "पाजून पाहा," म्हटलं.

घरी आल्यावर पुन्हा फोन. चिमी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आबा, बारक्या पेला का?" मी इकडं एक वात दिली, तिनं तिकडं एक घोट घेतला. थोड्या वेळानं परत फोन. परत वात, परत घोट. दुपारपर्यंत पोरीनं कपभर दूध संपवलं आणि माझी वाटीही संपली. पिल्लू मधेच तोंड फिरवायचं. मला वाटायचं, अशक्तपणा आहे, पिण्याची ताकद नाही. मी प्रेमानं हनुवटी धरून आणखी पाजायचो.

त्याच्या पुढच्या पहाटेही तेच. राणी यायच्या आत तीटवाल्याला उचललं, मांडीवर घेतलं आणि वातीमागून वात.

दहा वाजायच्या सुमारास त्याचे पाय ताठ झाले. पोटाला हात लावला तर टणक! डफ तापवल्यावर कसा होतो, तसं. टिचकी मारली तर वाजेल असं. पिल्लू हलेना. तोंड अर्धवट उघडं, श्वास उथळ.

"अगं ए," मी ओरडलो, पण म्हातारी दळण आणायला गेलेली. आणि तेवढ्यात फोन वाजला.

कोणाचा, ते सांगायला हवं का?

"आबा, बारक्या पेला का?"

एका हातात फोन, दुसऱ्या हातात तो फुगलेला जीव. काय बोलू? "पेला बाई," म्हटलं. "लई पेला." खोटं नव्हतं हो! त्याच्याइतकं वडीगोद्रीत त्या दिवशी कोणीच प्यालं नसेल.

रहीमभाईनं मोटारसायकल काढली. मी मागं बसलो, पिल्लू सदऱ्याच्या आत. हातानं चाचपत होतो, धडधड लागते का. कधी लागायची, कधी नाही. "रहीम, जल्दी!" "आबा, गतिरोधकावर कशी जल्दी करू? पिल्लू फुटंल!" असं म्हणाला तो. मी डोळे मिटले.

जनावरांच्या डॉक्टरांनी टेबलावर कापड टाकलं. तरुण माणूस. त्यांनी पोट दाबून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"काय पाजलं?"

"बकरीचं दूध."

"किती?"

मी हातानं वाटीचा आकार दाखवला. त्यांनी गॅसच्या औषधाचे थेंब दिले, दोन बोटांनी हलके हलके पोट चोळलं, ओल्या कापसानं शेपटीखाली पुसत राहिले. मी भिंतीला टेकून उभा. मनात एकच, चिमीला काय सांगू? पोरगी तोंड मिटून बसली तर?

किती वेळ गेला कोण जाणे. मग एक बारीकशी पिचकारी उडाली, थेट डॉक्टरांच्या मनगटावर. पिल्लानं पाय ओढून घेतले आणि कान हलवले. आजवर इतक्या आनंदानं मी कुणाचं मुतणं पाहिलं नव्हतं!

"वाचलं," डॉक्टर हात पुसत म्हणाले. "उद्यापर्यंत दुधाचा थेंब देऊ नका. मंग आईजवळ सोडा. आता ते कमजोर पिल्लू दाखवा."

"कोणतं?"

"तुम्ही आल्या आल्या म्हणले ना, कमजोर पिल्लू हाय म्हणून?"

"हेच की ते."

डॉक्टरांनी पिल्लू तळहातावर घेऊन खाली-वर केलं. "आबा, याला कमजोर कोण म्हणलं? याच्या वयाचं इतकं भरलेलं पिल्लू मी तर पाह्यलं न्हाई."

"अहो, पण तीट हाय ना कपाळाला! मीच लावली."

रहीमभाईनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं. माझं डोकं तसं हळू चालतं, पण त्या वेळी त्याच्यात एकदम उजेड पडला. हा बारक्या नसेल, तर बारक्या कुठंय? दोन दिवस त्याला कोणी पाजलं?

येताना रहीमभाईनं गतिरोधक पाहिले नाहीत आणि मीही काही म्हणालो नाही.

म्हातारी दारातच होती. मी पिल्लू पुढं केलं. "याला तीट कोणी लावली?"

"मी लावली. पैलवानाला. कामून?"

"तू कधी लावली?"

"परवा सांजच्याला. शेजारणी येऊन 'काय गुटगुटीत गं बाई' म्हणून गेल्त्या. दृष्ट न्हाई लागणार का लेकराला?"

"मंग माझी तीट कुठं गेली?"

"तुमची कोणची तीट?" तिनं कमरेवर हात ठेवले. "माझ्या डबीला हात लावला व्हय तुम्ही?"

मला ते ओलं फडकं आठवलं. दूध पुसलं, कपाळ पुसलं, सगळं स्वच्छ पुसलं. त्याच संध्याकाळी बारक्या कोरा झाला आणि पैलवान तीटवाला!

मी तसाच ओसरीत गेलो. क्रेटसमोर बसलो, पण हात आत घालवेना. केसांच्या गादीत चार पिल्लं असायला हवीत, आणि त्यातलं एक गार लागलं तर? म्हातारीनं मागून खांद्यावर हात ठेवला. "घाला हात," म्हणाली, या वेळी हळू आवाजात.

घातला. एक ऊबदार. दुसरं ऊबदार. तिसरं ऊबदार. सगळ्यात खाली, कोपऱ्यात, एक लहानसं. बोट लावलं. ऊबदार! बाहेर काढलं तर बारक्याच तो, कपाळ कोरं, पण पोट गोल आणि सुरकुत्या गायब. माझ्या अंगठ्यावर तोंड घासून त्यानं आळस दिला.

"अगं, पण याला पाजलं कोणी?"

म्हातारीनं कपाळाला हात लावला. "त्याच्या आईनं! दोन दिस पहाटं पैलवान कुठं व्हता? तुमच्या मांडीवर. याच्या डोक्यावर पाय द्यायला कोणी उरलंच न्हाई. पेलं बिचारं पोटभर."

म्हणजे पाहा! ज्याला वाचवायचं म्हणून मी जिवाचं रान केलं, तो मी हात न लावल्यामुळं वाचला. आणि ज्याला काहीच झालं नव्हतं, त्याला मी माझ्या प्रेमानं मरणाच्या दारात नेऊन आणलं. रहीमभाई दारातून म्हणाला, "आबा, बरकत तर हायच तुमच्या हातात. फक्त तो हात लांब ठिवा." आणि मग मला त्या नातवाच्या बाईची आठवण झाली. तसाच उठून तिच्या घरी गेलो आणि नातवाला वातीनं काही पाजू नको, म्हणून सांगून आलो.

चिमी घरी आली तेव्हा पैलवानही पुन्हा आईजवळ लागला होता. आजीनं तिला सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. पोरगी बारक्याला मांडीवर घेऊन ऐकत होती. डॉक्टरांनी तिला अजून गार आणि पातळच द्यायला सांगितलेलं. मी उठलो, कपात गार दूध ओतलं, हात थरथरू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून तिच्यासमोर नेलं.

तिनं कपाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. बारक्याला हळूच आजीकडं दिलं, आणि दोन्ही हातांनी पोट झाकून घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"आबा, मी कमजोर न्हाई!"