रंग न बघता केलेलं वायरिंग

आनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इस्लामपुरात बँकेच्या रांगेत उभा होतो. आम्हा पेन्शनरांना वर्षातून एकदा आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो, त्याची रांग. फोन त्याच्या मुलीचा, रेखाचा होता. "काका, मिरजेहून निघालोय. आबांना घेऊन येतोय," एवढंच ती म्हणाली. पुढं काही विचारायची गरजच नव्हती... मागच्या माणसानं तुमचा नंबर धरून ठेवू का म्हणून विचारलं, तोवर मी रांगेतून बाहेर पडलो होतो.

याला आता सहा आठवडे झाले. मी काही लिहिणारा माणूस नव्हे. अठ्ठावीस वर्षं फौजेत रिपोर्ट लिहिले, तेवढाच माझा हात. पण दहाव्याला नदीकाठी एक गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होते की, रंग दिसत नसताना या माणसानं चाळीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं, कुणाची गाडी पेटली नाही हे नशीबच म्हणायचं. ते ऐकून माझं डोकं सणकलं. नशीब कसलं? आनंदाच्या दुकानात नशिबाला कुणी कधी बसायला पाट दिला नव्हता. शिवाय त्याच्या डोळ्यांची गोष्ट गावभर झाली ती माझ्या तोंडानं, तेव्हा ती नीट सांगण्याची जबाबदारीही माझीच आहे.

आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत. आनंदा आणि मी लहानपणापासूनचे सवंगडी, एकाच दिवशी साताऱ्याला भरतीला गेलो. धावण्यात तो माझ्या पुढं होता, छातीही माझ्यापेक्षा चांगली फुगली. मग डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं. मी आकडे धडाधड वाचले. आनंदा बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात निवडीचा कागद नव्हता. झाडाखाली बसून त्यानं मला हळूच विचारलं, "तुला खरंच त्यात आकडं दिसलं व्हय रं? मला तर नुसतं जोंधळं सांडल्यागत दिसलं." तिथल्या कारकुनानं त्याला समजावणीच्या सुरात सांगितलं होतं की बाबा, तुला लाल-हिरवं ओळखता येत नाही, तेव्हा फौज विसर, रेल्वे विसर आणि वायरमनकीही विसर. फौज आणि रेल्वे त्याच्या हातात नव्हती. तिसरी गोष्ट होती. तो गावी परतलाच नाही, तसाच सांगलीला गेला आणि मोटारींचं वायरिंग करणाऱ्या एका मिस्त्रींच्या हाताखाली राहिला. जाताना, हे कुणाला बोलायचं नाही, एवढं वचन त्यानं माझ्याकडून घेतलं.

पुढं इस्लामपुरात त्यानं स्वतःचं दुकान टाकलं आणि जुन्या गाड्यांचा मिस्त्री म्हणून नाव कमावलं. मी सुट्टीवर आलो की तिथं जाऊन बसायचो. इतर मिस्त्री रंग बघून वायर ओळखतात. हा एक वायर धरायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत टेस्ट लॅम्पनं, म्हणजे दोन वायरी जोडलेल्या छोट्या दिव्यानं, तपासत जायचा. वायर ओळखली की टोकाला दोऱ्याच्या गाठी मारायचा. हेडलाइटला एक गाठ, हॉर्नला दोन, ब्रेकच्या दिव्याला तीन. नवी वायर तो सगळी काळीच आणायचा. लोकांना ही उस्तादाची लहर वाटायची. काही जण तर गाठींमागं कसला तरी मंत्र आहे म्हणायचे, आणि आनंदा त्यांना तसं म्हणू द्यायचा.

मी सुभेदार होऊन परत आलो आणि काही वर्षांनी चहाच्या टपरीवर माती खाल्ली. चार माजी सैनिक बसलो होतो, भरतीच्या गप्पा निघाल्या, आणि मी ते जोंधळं सांडल्याचं रंगवून रंगवून सांगितलं. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. माझ्या मनात त्याचं कौतुकच होतं... पण जीभ घसरायची ती घसरली. पंधरा दिवसांत आनंदाच्या दारातला एक ट्रॅक्टर गेला, मग दोन जीप गेल्या. ज्याला रंग दिसत नाही त्याच्या हातात गाडी कशी द्यायची, असं लोक उघड बोलू लागले. मी माफी मागायला गेलो. त्यानं मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाला, "बसा, सुभेदारसाहेब." पन्नास वर्षं मला गड्या म्हणणारा माणूस. त्यानं शिवी दिली असती तर मला परवडलं असतं.

त्या वेळी दुकानात एकच गाडी उरली होती. साताऱ्याच्या एका निवृत्त डॉक्टरांच्या वडिलांची जुनी मोटार. ब्रेक दाबला की तिचे पुढचे दिवे मंदावायचे, सिग्नलचा दिवा आपोआप मिणमिणायचा आणि हॉर्न मनाला येईल तेव्हा वाजायचा. दोन मिस्त्रींनी अर्ध्या वायरी बदलूनही दोष गेला नव्हता. डॉक्टरांच्याही कानावर गोष्ट गेली आणि ते गाडी ओढून न्यायला जीप घेऊन आले. ही गाडी तशीच गेली असती तर आनंदाला दुकानाला कुलूप लावावं लागलं असतं, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

तो गयावया करत बसला नाही. त्यानं डॅशबोर्डखालून जुन्या वायरींचा जुडगा ओढला, त्यातली एक वायर पुढं धरली आणि डॉक्टर, त्यांचा ड्रायव्हर आणि मी, तिघांना तिचा रंग चिठ्ठीवर लिहायला सांगितला. कापडी वेष्टनाची वायर, पन्नास-साठ वर्षं तेल आणि उष्णता खाल्लेली. डॉक्टरांनी तांबडा लिहिला, ड्रायव्हरनं काळा आणि मी चॉकलेटी. आनंदानं चिठ्ठ्या बॉनेटवर ओळीनं मांडल्या.

"आता हितं तुमी तिघंबी माज्यागतच," तो म्हणाला. "फरक एवढाच, मला ते ठावं हाय."

मग त्यानं टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीला लावलं आणि दुसरं इंजिनला टेकवलं. दिवा लख्ख लागला. तेच टोक बॉडीच्या पत्र्याला लावलं तर दिवा कसाबसा मिणमिणला. गाडीत दिव्याकडं गेलेला करंट पत्र्यातूनच बॅटरीकडं परत येतो. तो पत्रा आणि बॅटरी यांना जोडणारी जाड पट्टी त्यानं सोडवली. वर्षभरापूर्वी डॉक्टरांनी गाडी हौसेनं रंगवून घेतली होती, आणि रंगाऱ्यानं त्या पट्टीच्या बोल्टखालीही दोन हात मारले होते. परतीची वाट अडल्यामुळं करंट दुसऱ्याच दिव्यांतून वाट काढत होता. आनंदानं पॉलिश पेपरनं तेवढी जागा पत्र्यापर्यंत घासली आणि बोल्ट आवळला. "रंग लय झ्याक बसलाय म्हणत्यात," तो डॉक्टरांना म्हणाला. "मला काय त्यातलं कळत न्हाई. पण हितं नगो हुता." त्यानं ब्रेक दाबला, हॉर्न वाजवला. दिवे मंदावले नाहीत. डॉक्टरांनी जीप रिकामी परत पाठवली आणि स्वतः गाडी चालवत साताऱ्याला गेले.

सगळी गिऱ्हाइकं परत आली असं मी खोटं लिहिणार नाही. ट्रॅक्टरवाला आजही दुसरीकडंच जातो. पण त्याच आठवड्यात आनंदानं दुकानावर पाटी लावली: 'येथे रंग न बघता वायरिंग दुरुस्त केले जाईल.' कुणी हसलं की तो त्याला आत बोलावून वायर हातात द्यायचा आणि रंग विचारायचा. मला मात्र तो त्यानंतरही सुभेदारसाहेबच म्हणत राहिला. मी ते मुकाट्यानं ऐकलं, कारण माझा गुन्हाच तसा होता.

शेवटची भेट मिरजेच्या दवाखान्यात झाली. छातीत पाणी झालं होतं, बोलताना धाप लागत होती. मी उशाशी बसलो होतो. तो म्हणाला, "गड्या, ते भरतीचं पेपरात लिव." मी पुढं झुकलो. "टपरीवर तू अर्धंच सांगितलंस," तो म्हणाला. "फुडचंबी सांग." मी होय म्हणालो आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

लिहायला बसण्याआधी परवा दुकानावर गेलो. रेखा बारा वर्षं बापाबरोबर काम करत होती, आता दुकान तीच चालवते. एका जुन्या जीपखालून ती बाहेर आली. मी विचारलं, आबा गेले, तुझी नजर तर चांगली आहे, मग पाटी उतरवणार का? तिनं हातातला टेस्ट लॅम्प खाली ठेवला आणि माझ्याकडं जरा रागानंच बघितलं.

"माजं डोळं चांगलं हायत, काका," ती म्हणाली. "पर वायरीचा रंग मीबी बघत न्हाई."

आणि ती पुन्हा गाडीखाली गेली.