फेर्नटालचा हेलकावा

अल मनखूलच्या मागच्या गल्लीत शैलेंद्र बिवलकरचं वाद्यदुरुस्तीचं दुकान आहे. कीबोर्ड, ॲम्प्लिफायर, शाळांचे माइक, जे येईल ते. त्याचा नेम एकच: टेबलावर आलेली वस्तू नव्यासारखी होऊनच परत जायची. गिऱ्हाइकाने एक बटण दाखवलं तरी तो आतली धूळ काढी, जुने पार्ट बदली, सूर लावून देई. या नेमावरच त्याचा दुबईत जम बसला होता.

तो या धंद्यात आला एका कॅसेटमुळे. पुण्यात डिप्लोमा करताना हॉस्टेलच्या मित्राने ती भरून दिली होती. फेर्नटाल नावाचा जर्मनीतल्या चौघांचा बँड. शब्द नाहीत, चाल नाही. त्यांच्यातल्याच एकाने बांधलेल्या, पट्ट्यांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राचा लांबच लांब सूर आणि त्याखाली संथ ड्रम. तो सूर मध्येच हेलकावे खाई. कॉपीची कॉपी, टेप ताणली गेली असणार, असं शैलेंद्र धरून चालला. पुढे चौघांत हक्कांवरून भांडणं झाली आणि तो पहिला अल्बम पुन्हा कधी निघालाच नाही. बँडने गिटारी घेतल्या. एक जण जाहिरातींकडे वळला, एकाने संगीतच सोडलं. ते यंत्र बांधणारा एगॉन वारला. उरला एकटा वोल्फराम.

तोच यंदा दुबईतल्याच अल कूझच्या एका गोदामात निरोपाचा कार्यक्रम करायला आला, आणि सकाळी एगॉनचं यंत्र बंद पडलं. आयोजकांकडे काम करणारी कशफ ते ब्लँकेटमध्ये गुंडाळून घेऊन आली.

"अंकल, इसके बिना शो नहीं होगा. बस चालू करके दो, शाम तक, प्लीज!"

डबा घेऊन आलेली विभावरी, शैलेंद्रची बायको, यंत्राकडे बघून हसली. "हेच का तुझे जर्मन? लग्नानंतर महिनाभर यांचीच भुणभुण ऐकली मी."

"यांनी मला धंदा दिला," शैलेंद्र म्हणाला. "आज माझी पाळी."

फ्यूज गेला होता. तो बदलताच यंत्र बोलू लागलं, पण सूर डुलत होता. किती थकलंय बिचारं, असं त्याला वाटलं. आत एक अर्धवट जळकं रेझिस्टर भलत्याच जागी डकवलेलं होतं. त्याने ते काढलं, शेजारचे जुने पार्ट बदलले, सगळं पुसून घेतलं. सूर पट्टीसारखा सरळ झाला. जुने पार्ट पिशवीत भरून त्याने इमारतीच्या कचऱ्यात टाकले.

दुपारी वोल्फराम स्वतः आला. त्याने एक पट्टी दाबली. मग पुन्हा तीच.

"एगॉन कुठाय?" त्याने इंग्रजीत विचारलं.

शैलेंद्र गोंधळला. "ते तर वारले ना?"

"हो. पण तो यात होता. तो हेलकावा त्याचा. जळकं रेझिस्टर त्यानेच लावलं होतं. आम्ही कोणाला हात लावू दिला नाही."

शैलेंद्रला कॅसेटमधला तो हेलकावा आठवला. कॅसेट कधी बिघडलेलीच नव्हती.

तो बाहेर धावला. कचऱ्याची गाडी येऊन गेली होती, डबा रिकामा होता. खणातले जुने पार्ट एकेक लावून पाहिले. सूर डुलला, पण दारुड्यासारखा.

"खलास, अंकल," संध्याकाळी यंत्र न्यायला आलेली कशफ हळूच म्हणाली. "लोग आने लगे हैं."

कार्यक्रम झाला. सूर शेवटपर्यंत सरळ राहिला, लोकांनी मोबाइल उंच धरून टाळ्या वाजवल्या. शेवटच्या तुकड्याच्या अर्ध्यावर वोल्फरामने यंत्र बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला. लोकांना वाटलं, संगीत असंच संपतं.

"इट वॉज नाइस, बाबा," मुग्धा म्हणाली. ती शैलेंद्रची मुलगी, कार्यक्रमाला त्याच्यासोबत आलेली. "नोबडी नोटिस्ड."

निघताना शैलेंद्रने माफी मागायला तोंड उघडलं. वोल्फरामने यंत्राकडे बोट केलं. "उत्तम चाललंय. तुम्हीच ठेवा. मला आता ते कशाला?"

ते यंत्र आता दुकानात काउंटरजवळ असतं. शैलेंद्र कॅसेट लावत नाही. गिऱ्हाईक थांबल्या थांबल्या एखादी पट्टी दाबून बघतं आणि म्हणतं, "वा, अगदी नव्यासारखं ठेवलंय हो!"