भाऊने काढलेला तुकडा

भाऊ गेल्याची तार आली तेव्हा मी ती आधी उलटून पाहिली. मागे एकदा ‘प्रकृती गंभीर, लगेच ये’ अशी तार आली होती. रडत-रडत माहेरी तिरोड्याला पोचले, तर हा माझा थोरला भाऊ ओसरीवर चहा पीत बसलेला. कोण किती लवकर येतं ते पाहत होता म्हणे. या वेळी मात्र तार खरी निघाली. महिना होत आला, तरी वाटतं, घेत असेल परीक्षा...

दुधाने तोंड न पोळताच ताक फुंकून पिणारा माणूस. दूधवाला, दिवाणजी, जावई, सगळ्यांकडे तो एकाच संशयी नजरेने बघायचा. देश स्वतंत्र झाला तेव्हा विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाची मोटार त्याने घेतली आणि साहेबाने इतकी चांगली गाडी विकलीच कशी, याचा संशय पुढे कैक वर्षं बाळगला. मोटार आली तशी आमची बैलांची दमणी मागे पडली, आणि ती हाकणारा चैतरामही. माझ्या लग्नात मला सासरी पोचवणारा हाच. भाऊच्या मते आता तो मोटारीवर जळत होता.

मी माहेरपणाला गेले होते, तेव्हाची गोष्ट. मोटारीच्या पुढच्या कमानपाट्याच्या सांध्याला वंगण भरायला एक छोटं पोकळ तोंड असतं, निपल म्हणतात त्याला. भाऊने ग्रीसगन त्यावर धरली होती, चैतराम दांडा दाबत होता. ग्रीस आत जाईना. भाऊ म्हणाला, जोर लाव. त्याने लावला, आणि निपल मुळाशी मोडलं. आट्यांचा भाग आतच अडकला.

“मुद्दामून तोडलंस,” भाऊ सगळ्या गड्यांदेखत म्हणाला. “संध्याकाळपावेतो घर खाली कर.”

“मी कायले तोडीन जी? तुमी म्हनलं तसाच दाबून राहिलो होतो.”

भाऊने ऐकलं नाही. मागच्या खोपटात चैतरामची बायको भांडी बांधू लागली. त्यांना जायला दुसरं घर नव्हतं, आणि मालकाचं मुद्दाम नुकसान केलं म्हणून हाकललेल्या गड्याला आसपास कोणी ठेवलंही नसतं. मला फार वाईट वाटलं, पण भाऊपुढे बोलणार कोण?

गोंदियाचा मिस्त्री बोलवायचा नाही, तो आतला चांगला माल काढून घेतो, म्हणून भाऊ स्वतःच मोटारीखाली शिरला. अडकलेल्या तुकड्याभोवती रॉकेल सोडून त्याने ते मुरू दिलं. भोक पाडलं तर लोखंडाचा चुरा सांध्यात जाईल, म्हणून कानशीचं निमुळतं शेपूट तुकड्याच्या पोकळीत हळूहळू ठोकून घट्ट बसवलं. पान्यात कानस धरून उलटी फिरवली. हलेना. सांधा तापवला, थोडं पुढे, थोडं मागे असं करत राहिला. शेवटी एक करकर ऐकू आली आणि तुकडा सुटला.

तुकड्याच्या पोटात काळा दगडासारखा गठ्ठा होता. भाऊने तो हुंगला, मग माझ्यापुढे धरला. एरंडेल आणि जळक्या तणसाचा वास... बैलगाडीच्या आसाचं वंगण! बाजारच्या ग्रीसमध्ये भेसळ असते म्हणून उन्हाळ्यात भाऊने स्वतःच्या हाताने ते गनमध्ये भरलं होतं. ते आत गोठून बसलं होतं.

“आता तू सांगतोस का मी सांगू?” मी विचारलं.

तो खोपटापुढे गेला. करदोट्याला बांधलेली धानाच्या कोठीची किल्ली, जी वहिनीच्याही हाती कधी पडली नाही, ती सोडून त्याने चैतरामपुढे धरली. चैतरामने हात मागे घेतला.

“नोको जी. उद्या धान कमी भरलं त चोर मीच. तुमी सगळ्याइसमोर सांगा.”

भाऊने गड्यांना बोलावलं, आणि खाली बघत, पण ऐकू जाईल असं सांगितलं, “वंगन मीच भरलं होतं. त्याची चूक नाही.” चैतराम राहिला. किल्ली ओसरीच्या खिळ्यावर लटकली, आणि पुढे कोठी तोच उघडू लागला. मला मात्र भाऊचा हा भरवसा कधी खरा वाटला नाही. मी त्याचीच बहीण!

तेरवीनंतर चैतरामला घेऊन कोठी उघडली. आमच्याकडे धानाच्या राशीवर राख भुरभुरून मालक तळहात उमटवतो. कोणी धान हलवलं की ठसा मोडतो. राशीवर ठसा होता. म्हणजे शेवटपर्यंत पाळत होतीच, असं मनात येतंय तोच लक्षात आलं, हा हात रुंद होता, भाऊच्या किडकिडीत बोटांचा नव्हता.

“माहा हात होय जी,” चैतराम म्हणाला. “मालकानं त्या दिवसापासून ठसा उठवनं सोडलं. मंग मीच उठवतो, रोज. मालकाले दाखवाचो. ते म्हनत, कायले दाखवून राहिला, मी कुठं इचारलं?”

आणि आजच्या ठशासाठी तो वाकून राख सारखी करू लागला.