पाइपवरचा तळहात

पद : वायरमन, श्रेणी दोन. नेमणूक : सांडपाणी उपसा केंद्र क्रमांक चार. ओळखीची खूण : डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा व्रण. शिस्तभंगाची कारवाई : निरंक. उल्लेखनीय कामगिरी : निरंक.

सेवापुस्तकात इतकंच आहे. खिशाला कायम टेस्टर लावलेला असे म्हणून सगळे त्याला टेस्टर म्हणत, याची त्यात नोंद नाही. केंद्रावरचा पंपचालक त्याचा सख्खा मेव्हणा होता, याचीही नाही.

केंद्र म्हणजे एक खोली आणि तिच्यामागे एक खड्डा. शहराने वापरून टाकलेलं पाणी खड्ड्यात यायचं आणि पंप ते पुढे ढकलायचा. पंप पाण्यात बुडालेला. त्याला वीज मिळतेय हे खोलीतल्या पॅनेलवरचा काटा दाखवी. पाणी खरंच चढतंय का, हे काट्यालाही ठाऊक नसे. चिंध्या अडकल्या की पंप जागच्या जागी फिरत राही. म्हणून चालकांची एक पद्धत पडली होती. शिडीच्या पंधरा पायऱ्या उतरायच्या आणि पाइपवर तळहात ठेवायचा. पाइप थरथरत असला तर पाणी जातंय. खाली नाक बधिर करणारा विषारी वायू साचायचा, त्यामुळे एकाने उतरायचं आणि दुसऱ्याने त्याच्या कमरेचा दोर धरून वर उभं राहायचं. "वास येतोय तोवर ठीक," जुनी माणसं नव्यांना सांगत. "वास यायचा थांबला की वर ये."

तीन वर्षांपूर्वी दोर धरणाऱ्याला हजेरीपत्रकावर सही राहिली म्हणून खोलीत बोलावलं होतं. सही करून तो परत आला तेव्हा दोर ओढून उपयोग नव्हता. खाली गेलेला चालक बेचाळीस वर्षांचा होता. त्याच्या जागेवर टेस्टरचा मेव्हणा आला.

"माझ्या भावाला तुम्हीच तिथे चिकटवलंत," टेस्टरची बायको जेवायला वाढताना म्हणाली होती. "आता तुम्हीच बघा काय ते." त्यानंतर तिने हा विषय काढला नाही, आणि टेस्टरला त्याचीच जास्त धास्ती वाटे.

चौकशी समितीने शिफारस केली की माणूस उतरू नये. शिफारशीमागोमाग एक खोका आला. त्यात एक बोर्ड होता : आठ रिले, म्हणजे हुकुमासरशी मिटून वीज जोडणारे स्विच; आणि आठ इनपुट, म्हणजे बाहेर काय चाललंय ते आत कळवणारी टोकं. बोर्डापासून सिरियल केबल संगणकाला. संगणकाने "रिले एक चालू" असं लिहून पाठवायचं, बोर्डाने टक् करून पंप लावायचा आणि उलट उत्तर द्यायचं.

पहिले दोन दिवस उत्तरादाखल नुसती चिन्हांची भेळ येत होती. दोघांच्या बोलण्याचा वेग जुळत नव्हता. एकाने भरभर बोलायचं आणि दुसऱ्याला त्यातलं अक्षर कळू नये, हा प्रकार टेस्टरला घरून परिचित होता. त्याने दोन्हीकडचा वेग एक केला. तिसऱ्या दिवशी रिले टक् वाजला आणि पडद्यावर हिरवा दिवा लागला.

"दाजी, आता मी काय करायचं?" मेव्हण्याने विचारलं.

"खुर्चीत बसायचं आणि हिरव्याकडे बघायचं."

"एवढं तर मला शाळेतही जमायचं. खिडकीतून बघायचो, इतकंच."

दुसऱ्या दिवशी साहेब पूर्णत्वाचा दाखला घेऊन आले. दाखल्यावर वायरमनची सही झाली की यंत्रणा कार्यान्वित आणि दोर धरणाऱ्याचं पद रद्द, असा आदेश तयारच होता. टेस्टरने पेन खिशातून काढलं, मग परत ठेवलं. पॅनेलपाशी जाऊन त्याने पंपाचे फ्यूज काढले आणि संगणकावरून पंप लावला. टक्.

"हिरवा आहे ना?" साहेब म्हणाले.

"आहे."

"मग अडलंय कुठे?"

"पंप बंद आहे साहेब." त्याने फ्यूज साहेबांसमोर टेबलावर ठेवले.

चूक त्याचीच होती. बोर्डाकडून उत्तर आलं की दिवा लावायचा, असं त्याने स्वतःच लिहिलं होतं. आणि बोर्डाचं उत्तर एवढंच असे की हुकूम मिळाला. आठही इनपुट मोकळे पडले होते. हुकूम सुटला म्हणजे काम झालं असं धरून चालणं खात्यात नवं नव्हतं, त्यामुळे आदल्या दिवसापासून कोणाला काही खटकलं नव्हतं.

"ते नंतर सुधारू," साहेब म्हणाले. "खाली जाऊन कोण बघणार आहे?"

"हा बघणार आहे," टेस्टर मेव्हण्याकडे न बघता म्हणाला. "याचा दिव्यावर विश्वास नाही. आणि वर दोराला माणूस नसेल."

साहेबांनी दाखल्याची घडी घातली.

पाइपमध्ये पाणी वाहिलं तरच मिटणारा एक स्विच भांडारात होता. तो बसवायला खाली उतरणं भाग होतं. पंखा लावून दीड तास खड्ड्यात हवा सोडली. दोरवाला त्या दिवशी रजेवर होता.

"मी उतरतो दाजी. मला पायऱ्या पाठ आहेत."

"तुझी ताई मला घरात घेणार नाही. तू पंख्यापाशी थांब, तो बंद पडता कामा नये."

दोर धरणं साहेबांच्या कर्तव्यसूचीत बसत नाही. त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि दोर मनगटाला दोन वेढे देऊन धरला. चाळीस मिनिटं ते खड्ड्याच्या तोंडाशी उभे होते. मध्येच शिपाई सही घ्यायला आला, त्याला त्यांनी मानेनेच परत पाठवलं.

टेस्टर वर आला, स्विचची वायर त्याने पहिल्या इनपुटला जोडली. हुकूम सुटल्यावर वीस सेकंद थांब, इनपुट मिटला तरच हिरवा लाव, असं संगणकाला लिहून दिलं. मग पुन्हा फ्यूज काढले. टक्. तिघेही पडद्याकडे बघत राहिले.

"लाल आला," साहेब म्हणाले.

"आता बरोबर आहे," टेस्टर म्हणाला, आणि सही केली.

दोरवाल्याचं पद महिनाअखेरीस रद्द झालं. टेस्टर दोन वर्षांनी निवृत्त झाला. सेवापुस्तकातला शेवटचा रकाना तपासून, निरंक कायम करून, पुस्तक बंद करण्यात आलं.

मेव्हणा परवा त्रेचाळीस वर्षांचा झाला, आधीच्या चालकापेक्षा एका वर्षाने मोठा.