शांतारामची म्होरकी

जिवंत प्राणी कोणताही असो, त्याला तोंडाकडून धरलं की तो वळतोच, यावर माझ्या मामेसासऱ्यांइतका गाढ विश्वास असलेला माणूस पृथ्वीतलावर दुसरा नसावा. जन्म सावनेरकडच्या शेतकरी घरातला, नोकरी सरकारी कचेरीतली आणि निवृत्तीनंतरचं घर बेसा भागातल्या नव्या वस्तीत; पण मनानं मामा अजून बैलांमागेच चालतात. लग्नात फोटोग्राफर हताश झाला की हे पुढे होऊन नवरदेवाची हनुवटी धरतात आणि हव्या त्या कोनात बसवून देतात. माझीही बसवली होती; अल्बमभर मी कुंपणापलीकडचा पाला न्याहाळत असल्यासारखा दिसतो. स्वतःची मान मात्र त्यांनी कधी कुणाच्या हाती दिली नाही. दाढी करायची तर न्हाव्यालाच खुर्चीभोवती फिरावं लागतं.

या सिद्धान्ताला पहिलं आव्हान मिळालं ते शांतारामकडून. शांताराम हा लॅब्राडोर कुत्रा. मामांची एकुलती एक लेक नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना त्याला बापाच्या गळ्यात बांधून गेली. घरात तो खरोखरच शांत. पण फाटकाबाहेर पाऊल पडलं की गळ्यातला पट्टा ताणून असा सुटायचा, की मामांच्या चपला एका चौकात आणि मामा पुढच्या चौकात सापडत. तिसऱ्यांदा पडले तेव्हा मनगट प्लास्टरमध्ये गेलं आणि मामींनी निकाल देऊन टाकला: आणखी एकदा पडलात तर शांताराम सावनेरच्या शेतावर जाईल. मामी बोलतात कमी आणि बोललेलं करतात, हे साऱ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. मामांचं जेवणावरचं लक्षच उडालं. "तो घरात आहे तं पोरगी घरात आहे असं वाटते," एवढंच ते मला म्हणाले.

लेकीला हे कळल्यावर तिनं पुण्याहून एक वेगळा पट्टा पाठवला. एक पट्टी नाकावरून, एक कानांमागून आणि दोर हनुवटीखाली. कुत्र्यानं ओढलं की त्याचं तोंडच मागे वळणार. मामांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि नाकावरच्या पट्टीवरून बोट फिरवलं. "अरे, ही तं म्होरकी आहे." बैलाच्या तोंडावरून बांधतात तीच. जन्मभर आपण सांगत आलो ते शहरातल्या शहाण्यांना आत्ता उमगलं, याचा त्यांना कोण आनंद. मात्र आपल्या जनावराला दुकानची म्होरकी घालणं हा घराण्याला बट्टा. प्लास्टर निघताच त्यांनी स्वतः सुती दोरी वळली, पोळ्याला शोभतील असे लाल गोंडे लावले. हाताला सवय बैलाच्या मापाची, त्यामुळे पहिली म्होरकी शांतारामच्या तोंडावरून निघाली ती कुठेही न थांबता शेपटीपर्यंत उतरली. दुसरी बसली, पण तिच्यासकट शांतारामही बसला. भर रस्त्यात. पंजांनी नाक घासत.

लेक फोनवर म्हणाली, घाई करू नका, आठवडाभर घरातच सवय लावा, नाक आत घातलं की घास द्या आणि झटका कधीच देऊ नका. मामांना पटेना. बैलानं असले लाड कधी मागितले नव्हते. शेवटी नेमकं टोचतंय कुठे हे कळावं म्हणून त्यांनी ती म्होरकी स्वतःच्या तोंडावर चढवली आणि दोर माझ्या हातात दिला. सासरचा वडीलधारा माणूस, गोंड्यांसकट, आणि त्याला अंगणात फिरवणारा मी जावई. "जावईबापू, झटका देऊ नका. हळूच वळवा," असं ते मला शिकवत होते, तेवढ्यात शेजारच्या वहिनी प्रसाद घेऊन आल्या आणि फाटकातच थबकल्या. त्यांनी हलक्या आवाजात मामींना विचारलं, "मामा चावून राहिले काय?"

"अजून नाही," मामी म्हणाल्या आणि प्रसाद घेतला.

दोन फेऱ्यांनी निदान झालं. डाव्या कानामागची गाठ रुतत होती. गाठ बदलली, भाकरीच्या तुकड्यांवर आठ दिवस शिकवणी झाली आणि नवव्या दिवशी सकाळी दोघं निघाले. मामी फाटकात उभ्या. कोपऱ्यावर कोंबडी आडवी गेली. शांताराम झेपावला, दोर ताणला गेला, तोंड वळलं, तोंडामागून देह वळला आणि तो मामांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मामा पडले नव्हते. मामी आत गेल्या आणि त्यांनी शांतारामची भाकरी थापायला घेतली. सावनेरचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. लेक पुण्यातच स्थिरावली, गोंड्यांचा रंग उडाला, शांतारामचं तोंड पांढरं झालं. मागच्या दिवाळीत मी त्यांच्यासोबत फिरायला गेलो, तर कोपऱ्यावर थांबून मामांनी म्होरकी सोडली, खिशात ठेवली आणि दोर गळ्यातल्या साध्या पट्ट्याला अडकवला. मी कारण विचारलं.

"अजून ओढते का, पाहून राहिलो," ते म्हणाले.

कोंबडी आली, सावकाश रस्ता ओलांडून गेली. शांतारामनं तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो मामांच्या गुडघ्याला टेकून उभा राहिला. मामा कष्टानं खाली वाकले, त्यांनी त्याची हनुवटी धरली आणि तोंड कोंबडीकडे वळवलं.

"एकदा तरी ओढ ना गा," ते म्हणाले.