बाबांची पावलं मोजताना

बाबांच्या हृदयात स्टेंट बसवला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "रोज तासभर चालायचं." बाबा नुसते हसले. त्यांनी उभी हयात रेल्वेत गँगमन म्हणून काढली होती. मुदखेडच्या अलीकडे-पलीकडे रूळ तपासत ते मैलोन्‌मैल चालले होते. तरी लातूरला परत निघताना मी त्यांच्या मनगटावर पावलं मोजणारा पट्टा बांधला आणि आकडे माझ्या फोनवर दिसतील अशी सोय करून ठेवली.

आठवडाभर आकडा हजारापुढे सरकेना. शेवटी शाळेतूनच मी फोन लावला.

"बाबा, चालता ना रोज?"

"हाव. पार रेल्वे फाटकापर्यंत जाऊन येतो."

"मग पट्टा सातशेच का दाखवतोय?"

"त्याचं मला काय म्हाईत, माय. मी तर चालून राहिलो."

गृहपाठ न केलेल्या पोरांच्या सबबी ऐकायची मला सवय. त्यांना बोलते त्याच सुरात मी म्हणाले, "मला फसवाल, पण स्वतःच्या जिवाला कसं फसवाल?"

त्यांनी फोन आईकडे दिला. आई एवढंच बोलली, "या वयात खोटं बोलतील का गं ते?" त्यानंतर मी फोन केला की आईच उचलायची. बाबा आंघोळीला गेलेले असायचे, नाहीतर झोपलेले.

दिवाळीला मी घरी गेले आणि पहाटे न विचारताच त्यांच्याबरोबर निघाले. पाठीमागे हात बांधून, एका हातानं दुसऱ्याचं मनगट धरून ते रुळाकडेच्या वाटेनं चालू लागले. एका जुन्या पुलाशी थांबले.

"इथं तुझी आई डबा घेऊन यायची. तू तिच्या कडेवर असायचीस. मी हातोडी मारली की टाळ्या वाजवायचीस."

रूळ जखडणारी लोखंडी पाचर, म्हणजे चावी, घट्ट असली तर हातोडीखाली खणखणते, ढिली असली तर भद्द वाजते, हे मला त्यांनी अक्षरांच्याही आधी शिकवलं होतं. दोन्ही आवाज तोंडानं काढून दाखवताना त्यांची कळी खुलली.

फाटकापाशी पोचलो तेव्हा माझे पाय भरून आले होते. मी त्यांचं मनगट उलटून पाहिलं. पट्ट्यावर साठ पावलं! माझ्या पर्समधल्या फोननं तीन हजारांवर मोजली होती.

"बाबा, जरा हात मोकळे सोडून चाला बरं."

कवायतीला उभं केल्यासारखे ते अवघडून हात हलवत चालले. आकडा भराभर वाढू लागला. हात हलला नाही तर पट्ट्याला माणूस चाललेला कळतच नव्हता.

"चुकलं माझं, बाबा."

"यंत्राचं काय घेऊन बसली," ते म्हणाले. "पर मी सांगितल्यावर तुला खरं वाटायला पायजे होतं."

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसेच घरापर्यंत आले.

नंतर मी आकडा कधी विचारला नाही. "आज वाटेत काय दिसलं?" एवढंच विचारायची. ते पुढची चार वर्षं चालले आणि सांगत राहिले: आंब्याला मोहर आला, फाटकावर नवा माणूस आला. शेवटच्या हिवाळ्यात एकदा म्हणाले, "किनवटच्या गाडीच्या ड्रायव्हरनं मला वळखलं. हात केला." त्याच फोनवर थोड्या वेळानं पुन्हा तेच सांगितलं. मी दोन्ही वेळा पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं.