शिक्षण सोडले, कारण कौटुंबिक

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी गिरीजच्या रस्त्यावर फिरायला जातो, त्यालाही नाही. एकदा सांगायला तोंड उघडलं होतं — आणि मग वाडीतल्या माडांना लागलेल्या किडीबद्दलच बोलत राहिलो. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाही, म्हणूनच बहुधा.

मी इथल्याच, वसईतल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. त्याशिवाय शिष्यवृत्तीचं काम माझ्याकडे आहे. हे काम कुणालाच नको असतं. पगार तोच, वर शिव्या. पण मी ते मागून घेतलं होतं, कारण मला ते नीट जमायचं, आणि — खरं सांगायचं तर — त्यामुळे प्राचार्य मॅडमच्या केबिनमध्ये मला केव्हाही जाता यायचं.

काम काय असतं, तेवढं सांगतो. मुलं सरकारी पोर्टलवर अर्ज भरतात. तो आधी कॉलेजकडे येतो. आम्ही कागद तपासायचे आणि ठरलेल्या मुदतीत पुढे जिल्ह्याला पाठवायचे. वर्षाच्या शेवटी सरकारला सगळी माहिती द्यायची — किती मुलं होती, कुणाकुणाला मदत मिळाली, कोण शिक्षण सोडून गेलं आणि का. सरकार काही वर्गात येऊन बसत नाही. आम्ही जे कळवतो तेच त्याला दिसतं. आम्ही मुलगी आहे म्हटलं तर ती आहे. नाही म्हटलं तर नाही.

ह्याचा अर्थ काय होतो, ह्याचा मी तोपर्यंत कधी विचार केला नव्हता.

जयश्री दुसऱ्या वर्षाला होती. वसई पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा पाडा. वडील लहानू — सांडोरला एका वाडीत कामाला, केळीच्या बागेत. घरात कॉलेजला गेलेली ती पहिली. हुशार होती का? होती. पण मला आठवतो तो तिचा आवाज. हजेरीला इतर मुलं ‘येस सर’ पुटपुटतात. ही स्पष्ट म्हणायची, “हजर, सर.” शाळेत म्हणतात तसं.

त्या वर्षी तिचा अर्ज माझ्याकडे आला तेव्हा उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो जरा पुसट होता. वाचता येत होता, अगदी नीट वाचता येत होता. पण मी काटेकोर माणूस — म्हणजे तेव्हा मी स्वतःला तसं समजायचो — मी तो बाजूला ठेवला. तिला सांगू, पुन्हा फोटो काढून आण म्हणू. सांगायचं राहिलं. का राहिलं? काही कारण नाही. कुणी आजारी नव्हतं, घरी कार्य नव्हतं. मी विसरलो. मुदत संपली, आणि तिचा अर्ज माझ्याकडेच पडून राहिला.

चूक इथंपर्यंत साधी होती, दुरुस्त होण्यासारखी. चूक आमची आहे असं पत्र मॅडमच्या सहीनं पालघरला, जिल्हा कार्यालयात न्यायचं, तिथल्या साहेबांची बोलणी खायची, अर्ज पुन्हा उघडून घ्यायचा. शेजारच्या कॉलेजनं तसं केलेलं मला माहीत होतं. पण मॅडमनी त्याच आठवड्यात सगळ्या स्टाफसमोर सांगितलं होतं, “शिष्यवृत्तीत आपल्याकडे एकही अर्ज पेंडिंग नाही. सरांचं काम बघा, शिका.” टाळ्या वाजल्या होत्या. आता त्याच केबिनमध्ये जाऊन काय सांगू? एक राहिलाय म्हणून?

मी अर्ज नाकारू शकलो असतो. पण नाकारला की कारण द्यावं लागतं आणि मुलीच्या मोबाईलवर मेसेज जातो. दुसरा एक पर्याय होता. विद्यार्थ्यानं शिक्षण सोडलं असेल तर तसं कळवायचं. कारणाच्या रकान्यात काहीही चालतं. मी ‘कौटुंबिक’ निवडलं. दुपारची वेळ होती, मागे पंखा कुरकुरत होता, खालच्या मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती. बटण दाबलं आणि पेंडिंगचा आकडा शून्य झाला.

त्यानंतरचा तास तिच्याच वर्गावर होता.

मी हजेरी घेतली. तिचं नाव आलं. “हजर, सर.”

तुम्हाला कसं सांगू ते? मी वर बघितलं नाही. पुढची नावं वाचत गेलो. पण त्या दिवसापासून मला तिची भीती वाटायला लागली. वीस वर्षांची मुलगी, केसांना तेल लावून नीट वेणी घातलेली, दुसऱ्या बाकावर बसून वहीत लिहून घेणारी — आणि मी तिला घाबरत होतो. तिच्या बाजूनं जाताना पावलं भराभर पडायची. कॅन्टीनमध्ये दिसली तर चहा अर्धा टाकून उठायचो. सरकारला कळवून टाकलं होतं की ही नाही. आणि ती रोज येत होती.

“सर, माझं काय झालं?” ती विचारायची. अजिबात आवाज न चढवता. “बाकीच्यांचं आलं.”

“वरून अडलंय,” मी म्हणायचो. “बघतो.”

मग ऑफिसनं तिच्याकडे फी मागायला सुरुवात केली. शिष्यवृत्ती असली की आदिवासी मुलांना ती भरावी लागत नाही. सरकार परस्पर देतं. तिचं सरकारकडून काही येणारच नव्हतं. हॉल तिकीट अडलं. आणि एका सकाळी ती वडिलांना घेऊन माझ्या टेबलापाशी आली.

लहानू बारीक अंगाचे, पांढरा शर्ट धुऊन घातलेला, बोटांना केळीच्या चिकाचे काळे डाग. बसा म्हटलं तर बसले नाहीत. जयश्री म्हणाली, “सर, नक्की कुठं अडलंय ते बाबांना सांगा ना. ते जाऊन येतील.”

मी त्यांच्याकडे बघत होतो. आता मी जे सांगणार आहे, त्यासाठीच हे सगळं लिहितोय. बाकीचं तुम्ही विसरलात तरी चालेल.

मी काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, “दाखला मीच आनलेला, सर. माझ्यापायी झाला का?”

बघा — मी निमित्त शोधलंही नव्हतं. त्यांनी स्वतःहून पुढे केलं. मला फक्त ‘नाही’ म्हणायचं होतं. एवढासा शब्द.

“हो,” मी म्हणालो. “दाखल्यात चूक आहे. त्यामुळे वरून परत आला. आता ह्या वर्षी काही करता येणार नाही.”

“काय चूक, सर?” जयश्रीनं विचारलं.

“ते तांत्रिक आहे. तहसीलला नीट बघून घ्यायला पाहिजे होतं.”

तिनं वडिलांकडे बघितलं. ओरडली नाही, रडली नाही. नुसतं बघितलं, आणि मग पुन्हा त्यांच्याकडे मान वळवली नाही. लहानू म्हणाले, “मना वाचता येत नाय, सर. दाखला देनाऱ्या मानसाला मी इचारलेला, सगला बराबर हाय ना म्हनून.” ते माझ्याशी बोलत होते, पण सांगत होते तिला. ती दाराकडे चालायला लागली होती. ते माझ्यासमोर हात जोडून तिच्यामागे गेले. माझ्यासमोर — हात जोडून.

तुम्हाला वाटेल, ह्याहून खाली माणूस जात नाही. मी गेलो.

थोड्याच दिवसांत पालघरहून फोन आला. तपासणीला माणसं येणार होती, पोर्टलवरची माहिती आणि प्रत्यक्षातली मुलं जुळतात का ते बघायला. त्या रात्री मी अर्ध्या ताटावरून उठलो. बायकोनं विचारलं, मी पित्त म्हणालो. दुसऱ्या दिवशी जिन्यात जयश्रीला गाठलं. ऑफिसनं अजून वर्गात बसायला मनाई केली नव्हती. ती येतच होती. मी आवाज खाली आणून म्हणालो, “हा आठवडा येऊ नकोस. साहेब लोक येतायत. मी तुझ्याबद्दल बोलणार आहे त्यांच्याशी. तू समोर असलीस तर अवघड जाईल.”

“बोलाल ना, सर?”

“बोलतो.”

तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. ती आली नाही.

साहेब आले, कांदेपोहे खाल्ले, वर्गांवरून फिरले. माझ्या यादीवर बोट ठेवून एकानं विचारलं, “ही मुलगी का गेली?”

“घरची अडचण,” मी म्हणालो.

“नेहमीचंच,” ते म्हणाले आणि पान उलटलं.

पुढच्या आठवड्यात तिनं फोन केला. मी उचलला नाही. पुन्हा केला. पुन्हा नाही. परीक्षा सुरू झाली तेव्हा दुसऱ्या बाकावरची तिची जागा रिकामी होती. मग तिच्या पाड्यावरच्या एका मुलानं सांगितलं, ती पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात पॅकिंगला जाते. म्हणजे मी कळवलेलं आता खरं झालं होतं. वर्षअखेरची माहिती भरताना मला एक अक्षरही खोटं लिहावं लागलं नाही. आणि तेव्हा मला काय वाटलं? सुटल्यासारखं. त्या रात्री मला छान झोप लागली. हेही तुम्हाला कळायला हवं.

त्यानंतर जिल्ह्यातल्या इतर कॉलेजांच्या लोकांना शिकवायला मला बोलावू लागले. माहिती बिनचूक कशी कळवायची, ह्यावर मी बोलतो. लोक लिहून घेतात.

ह्या वर्षी जूनमध्ये एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. आडनाव बघूनच मी ओळखलं. जयश्रीची धाकटी बहीण, दर्शना. बारावी झालेली, प्रवेश घ्यायला आलेली.

“ताई बोलली, त्या सरांकडेच जा,” ती म्हणाली. “बोलली, त्यांनी माझ्यासाठी लय प्रयत्न केलेले.”

मी कागद हातात घेतले. सगळे बरोबर होते. उत्पन्नाचा दाखलाही. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “दाखला वडिलांनी आणला का?”

“नाय, सर. शेजारच्या काकांनी. बाबा हातच लावत नाय कागदाला. रेशन कार्डाला पन नाय. बोलतात, माझ्या हातानं एकीचा बिघडला, तुझा नको.” ती हे हसत सांगत होती, घरातली एखादी गंमत सांगावी तशी. “ताई तर अजून त्यांच्याशी धड बोलत नाय. जेवन वाढते, बस. तुम्हीच बघा ना सर, नीट हाय का. मग मी बाबांना सांगते. ते फाटकाबाहेर उभे हायत. आत या बोलली तर येत नाय.”

माझ्या खिडकीतून फाटक दिसतं. लहानू गुलमोहराखाली उभे होते. कॉलेजकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून. पांढरा शर्ट. केस सगळे पिकलेले.

“नीट आहे,” मी म्हणालो. “काही चूक नाही.”

तिचा अर्ज मी त्याच दिवशी पुढे पाठवला. तो मंजूरही झाला. ती रोज वर्गात येते. हे मी माझ्या बाजूनं मांडत नाहीये. तो अर्ज पाठवणं माझं कामच होतं.

त्या दिवशी ती गेल्यावर मी उठलो. जिना उतरलो, फाटकाच्या दिशेनं निम्मं मैदान चाललो. दर्शना त्यांच्यापर्यंत पोचली होती. तिनं काहीतरी सांगितलं, आणि त्यांनी दोन्ही तळहात शर्टाला पुसले, मग तिच्या डोक्यावर एक हात ठेवला. ते मागे वळले असते तर मी त्यांना दिसलो असतो. मी वळलो. स्टाफरूममध्ये जाऊन पाणी प्यायलो.

लहानू आहेत अजून. सांडोरच्या त्या वाडीवर अजूनही कामाला जातात. गिरीजहून सांडोर काही लांब नाही. संध्याकाळी फिरायला निघतो तेव्हा त्याच वाटेला असतो. सांडोरचं वळण येतं तिथे मित्र विचारतो, “आज इकडून जाऊ या का?” मी नको म्हणतो.